डोळ्यात थेंब नंतर, आधी रक्त तपासा

पत्र: माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. पंधरा दिवसांपूर्वी तिच्या डाव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात लालभडक डाग दिसला. मेडिकलवाल्याने थेंब दिले. तो फिका होतोय तोवर उजव्या डोळ्यात तसाच दुसरा आला. डोळा दुखत नाही, चिकटत नाही, पाणीही येत नाही. पण टीव्ही बघताना ती मान वाकडी करून अगदी जवळ जाऊन बसते. महिनाभर अधूनमधून ताप येतोय, रात्री पाय दुखतात म्हणून रडते, पायांवर हिरवे-निळे डाग आहेत. काल कऱ्हाडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी थेंब घालून तपासलं आणि म्हणाले, आतल्या पडद्यावर रक्ताचे ठिपके आहेत, काहींच्या मधोमध पांढरं आहे. लगेच रक्त तपासा आणि बालरोगतज्ज्ञांना भेटा. घरी सगळे म्हणतात उष्णता आहे, डोळे आलेत, गौरी-गणपती होऊ देत मग बघू. मोबाइलवर शोधलं तर ब्लड कॅन्सर आला. डोळ्याचा आणि ब्लड कॅन्सरचा काय संबंध? मी उगाच घाबरतेय का? थेट मुंबईला टाटाला न्यावं का? – एक आई, सातारा जिल्हा

ताई, रक्ताची तपासणी आजच करा. हे वाचून झालं की मुलीला घेऊन निघा, पुढचं नंतर वाचा. घरच्यांना एवढंच सांगा की डोळ्यांच्या डॉक्टरांनी 'लगेच' म्हटलंय आणि सुई टोचायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. निदान अजून झालेलं नाही आणि पत्र वाचून ते कुणी करूही नये. पण तुम्ही लिहिलेल्या गोष्टी एकत्र ठेवल्या की त्या डोळ्यापुरत्या राहत नाहीत.

नुसता लाल डाग असता तर आम्ही काळजी करू नका म्हटलं असतं. जोराचा खोकला, उलट्या, खेळताना लागलेलं बोट किंवा चेंडू, विषाणूने आलेले डोळे, यातल्या कशानेही पांढऱ्या भागातली बारीक रक्तवाहिनी फुटते. डाग आधी लाल असतो, मग पिवळट होत दोन आठवड्यांत जिरतो. मूल खेळतंय, जेवतंय, अंगावर दुसरं काही नाही, तर त्याला थेंबांचीही गरज नसते. २०२३च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ पसरली, तेव्हापासून लाल डोळा दिसला की 'डोळे आले' म्हणायची सवय लागली आहे. डोळे आले की पाणी येतं, सकाळी पापण्या चिकटतात, वाळू गेल्यासारखं खुपतं. तुमच्या मुलीला यातलं काहीच नाही. मार लागलेला नसताना आधी एका आणि मग दुसऱ्या डोळ्यात रक्त उतरलं, सोबत महिन्याचा ताप, रात्री पाय दुखणं आणि अंगावर डाग. यातली कुठलीही दोन लक्षणं एकत्र दिसली तरी रक्त तपासायलाच हवं.

आता डोळ्याचा संबंध. रक्त तयार होतं हाडांच्या आतल्या मज्जेत. ल्युकेमियात, म्हणजे ब्लड कॅन्सरमध्ये, या मज्जेत अपरिपक्व पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. त्यांना ब्लास्ट म्हणतात. त्या जागा अडवतात, त्यामुळे तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि कामाच्या पांढऱ्या पेशी, तिन्हींची निर्मिती खुंटते. तांबड्या पेशी कमी झाल्या की मूल फिकट पडतं आणि लवकर दमतं. प्लेटलेट कमी झाल्या की न लागताच रक्त उतरतं. कामाच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या की ताप पुन्हा पुन्हा येतो. मज्जा ठासून भरल्याने हाडं ठणकतात. तिच्या पायांचं दुखणं त्यामुळेही असू शकतं. लहान मुलांमध्ये वाढीच्या वयातले साधे पाय दुखणेही असतात, पण ते सकाळी गायब होतात आणि त्यांच्यासोबत ताप किंवा डाग नसतात.

डोळ्याचा मागचा पडदा ही शरीरातली अशी जागा आहे, जिथे काहीही न कापता रक्तवाहिन्या उघड्या दिसतात. पडदा पाहायचं उपकरण १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी तयार केलं आणि १८६०च्या दशकातच ल्युकेमियाच्या रुग्णांच्या पडद्यावरचे बदल डॉक्टरांनी नोंदवले. बाहुली मोठी करणारे थेंब घालून पाहिलं की जाड, वाकड्यातिकड्या झालेल्या शिरा दिसतात, त्यांच्या आसपास गोल किंवा ज्योतीच्या आकाराचे रक्ताचे ठिपके आणि कधी फिकट पांढरे चट्टे. मधोमध पांढरं असलेल्या ठिपक्याला रॉथ स्पॉट म्हणतात. फुटलेल्या केशवाहिनीच्या तोंडाशी गोठलेल्या रक्ताचा बोळा बसलेला असतो, तो पांढरा दिसतो. ल्युकेमियात काही वेळा तिथे ब्लास्ट पेशीही साचलेल्या असतात.

पण रॉथ स्पॉट म्हणजे ल्युकेमियाच असं नाही. हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाला किंवा रक्त फारच कमी झालं तरी ते दिसतात. यातलं कुठलंही कारण असलं तरी ते थांबून बघण्यासारखं नसतं. म्हणूनच तुमच्या डॉक्टरांनी 'लगेच' म्हटलं. त्यांनी बाहुली मोठी करून पडदा पाहिला, नुसती टॉर्च मारून थेंब लिहून दिले नाहीत, हे फार चांगलं झालं.

मान वाकडी करून टीव्हीच्या जवळ बसणं हेही त्यांना सांगा. पडद्याच्या मध्यावर, पिवळ्या बिंदूवर रक्त आलं की समोरचं धूसर दिसतं आणि मूल कडेच्या नजरेने पाहू लागतं. या वयात ते 'मला दिसत नाही' असं सांगत नाही. मान वळवून भागवतं.

लॅबमध्ये नुसतं 'रक्त तपासा' म्हणू नका. 'सीबीसी आणि पेरिफेरल स्मिअर, पॅथॉलॉजिस्टनी स्वतः मायक्रोस्कोपखाली पाहून' असं स्पष्ट सांगा. सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, स्मिअर म्हणजे काचपट्टीवर पसरून पाहिलेलं रक्त. जांभळ्या झाकणाच्या नळीत साधारण दोन मिली रक्त लागतं, उपाशीपोटी नेण्याची गरज नाही. स्मिअरचा आग्रह अशासाठी की मशीन पेशी मोजतं ते मुख्यतः आकार आणि आतल्या रचनेवरून. ब्लास्ट पेशी पुष्कळदा लिम्फोसाइट या नेहमीच्या पांढऱ्या पेशींसारख्या दिसतात आणि मशीन त्यांना त्याच रकान्यात टाकतं. मग 'लिम्फोसाइट ८५ टक्के, विषाणूचा ताप दिसतो' असं म्हणून कागद बाजूला पडतो. काचपट्टीवर अनुभवी डोळ्यांना फरक कळतो: ब्लास्टमध्ये पेशीकेंद्र जवळजवळ सगळी पेशी व्यापून बसलेलं असतं, भोवती निळसर द्रवाची बारीक कड उरते. डॉक्टर रक्त चढवायचं म्हणाले तर त्याआधी स्मिअर करून घ्यायला सांगा आणि न रंगवलेल्या दोन-तीन काचपट्ट्या मागून ठेवा. पुढच्या हॉस्पिटलात त्या उपयोगी पडतात.

अहवाल हातात आला की चार आकडे पाहा. या वयात हिमोग्लोबिन ११च्या खाली म्हणजे रक्त कमी. आपल्याकडे लोहाच्या कमतरतेने दहा-साडेदहा पुष्कळ मुलांचं असतं. ते एकटंच कमी असेल तर घाबरायचं कारण नाही. प्लेटलेट दीड ते साडेचार लाख असाव्यात. इथे नीट वाचा: कुणी '०.२८ लाख' छापतं, कुणी '२८' आणि पुढे हजाराचं एकक. दोन्हींचा अर्थ २८ हजार. नळीत रक्ताच्या गुठळ्या झाल्यामुळेही हा आकडा खोटा कमी येतो, तेही स्मिअरमध्येच कळतं. एकूण पांढऱ्या पेशी या वयात साधारण पाच ते पंधरा हजार असतात. ल्युकेमियात त्या लाखाच्या वर जाऊ शकतात, नेहमीइतक्या असू शकतात आणि कमीही असू शकतात. 'पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत, म्हणजे ब्लड कॅन्सर नाही' हा समज धोक्याचा आहे.

चौथा आकडा बहुधा छापलेला नसतो, तो काढावा लागतो. एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिलच्या (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) टक्केवारीने गुणा आणि शंभराने भागा. समजा एकूण ३,८०० आणि न्यूट्रोफिल ८ टक्के, तर उत्तर ३०४. दीड हजाराच्या खाली म्हणजे कमी. पाचशेच्या खाली असेल आणि ताप असेल, तर थेट हॉस्पिटलात, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

सध्या पावसाळा आहे, तेव्हा प्लेटलेट कमी दिसल्या की पहिला शब्द येईल 'डेंग्यू'. डेंग्यूतही प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी उतरतात, पण ताप सुरू झाल्यापासून आठ-दहा दिवसांत त्या वर येऊ लागतात, आणि मोठा रक्तस्राव झाला नाही तर हिमोग्लोबिन घसरत नाही. महिनाभराच्या तापाला डेंग्यू म्हणता येत नाही. दुसरं नाव येईल आयटीपी. त्यात शरीर स्वतःच्याच प्लेटलेट नष्ट करतं, फक्त प्लेटलेट कमी होतात आणि मूल एरवी ठणठणीत असतं. ताप, हाडांचं दुखणं, फिकटपणा, मोठी झालेली पाणथरी किंवा मानेच्या गाठी यातलं काहीही सोबत असेल, तर बोन मॅरो, म्हणजे हाडातली मज्जा, तपासल्याशिवाय आयटीपीवर समाधान मानू नका.

याच ठिकाणी एक चूक वारंवार होते. निदान होण्याआधी मुलाला स्टेरॉइड दिलं जातं: ताप उतरत नाही म्हणून, दम म्हणून, सांधे दुखतात म्हणून, किंवा आयटीपी समजून. औषधाच्या कागदावर किंवा बाटलीवर प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, डेफ्लाझाकॉर्ट, बेटामेथासोन यातलं नाव शोधा. बेटामेथासोनचे तोंडाने द्यायचे थेंब तर आपल्याकडे सर्रास दिले जातात. ल्युकेमियाच्या पेशी स्टेरॉइडने भराभर मरतात. मूल चार दिवसांत हसू-खेळू लागतं, स्मिअरही स्वच्छ येऊ शकतो आणि निदान कित्येक आठवडे लांबतं. पेशी एकदम मरतात तेव्हा रक्तात पोटॅशियम आणि युरिक अ‍ॅसिड वाढून मूत्रपिंडं बंद पडू शकतात, आणि तेव्हा कुणी लक्ष ठेवून नसतं. शिवाय सुरुवातीच्या पांढऱ्या पेशींची संख्या आणि पाठीच्या कण्यातल्या पाण्यातल्या पेशी यांवरून उपचार किती जोरकस ठेवायचा ते ठरतं. आधी स्टेरॉइड पडलं की तो हिशेब बिघडतो. डोळ्यात घालायच्या काही थेंबांतही स्टेरॉइड असतं, तेव्हा मेडिकलवाल्याने दिलेले थेंब घालणं बंद करा आणि बाटली डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या. तोंडाने काही दिलं गेलं असेल, तर नाव, तारीख आणि किती दिवस, हे लपवू नका. तुम्हाला दोष देण्यासाठी कुणी ते विचारत नाही.

अहवाल येईपर्यंत आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड आणि अ‍ॅस्पिरिन देऊ नका; प्लेटलेटचं काम त्यांनी आणखी बिघडतं. तापाच्या काही पातळ औषधांत पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक मिसळलेलं असतं, म्हणून बाटलीवरची नावं वाचा. द्यायचं ते नुसतं पॅरासिटामॉल, वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास. मुलगी १५ किलोची असेल तर १५० ते २२५ मिलिग्रॅम. बाटलीवर '५ मिलीत २५०' असेल तर ३ ते साडेचार मिली. '५ मिलीत १२०' किंवा '१२५' असेल तर साधारण ६ ते ९ मिली. देण्याआधी थर्मामीटरने ताप मोजून वेळेसकट लिहून ठेवा. दंडात किंवा कुल्ल्यात इंजेक्शन घेऊ देऊ नका, स्नायूत रक्त साचतं. गुदद्वारातून औषध किंवा थर्मामीटर नको. डोळ्यात मध, दूध, गुलाबपाणी, काजळ काहीही नको, आणि डोळा चोळू देऊ नका.

घरी आणखी दोन गोष्टी पाहता येतील. खालची पापणी हलकेच ओढून आतला भाग तुमच्या स्वतःच्या पापणीशेजारी ठेवून बघा. तिचा पांढुरका असेल तर रक्त कमी आहे. पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले तर काचेचा पारदर्शक पेला त्यावर दाबा. पुरळ दाबल्यावर विरतं. त्वचेत उतरलेलं रक्त तसंच दिसत राहतं.

रात्रीही थांबायचं नाही अशी वेळ कोणती, तर: १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, दहा मिनिटं नाकपुडी दाबूनही न थांबणारं रक्त, काळी शी, डोकं दुखून उलट्या, गुंगी, आकडी, एकाएकी दिसेनासं होणं. आडवं झाल्यावर दम लागणं आणि सकाळी उठल्यावर चेहरा व डोळ्यांभोवती सूज येणं यांकडेही लक्ष द्या. छातीतल्या गाठीचा मोठ्या शिरेवर दाब आला की असं होतं; अशा मुलाला झोपेचं औषध देऊ नये आणि सपाट झोपवूही नये. १०८ला फोन करा.

थेट टाटाला न्यावं का? आधी सीबीसी आणि बालरोगतज्ज्ञ. प्लेटलेट वीस हजारांच्या खाली असतील, तर पाच-सहा तासांच्या प्रवासाआधी रक्तपेढीची सोय असलेल्या जवळच्या हॉस्पिटलात प्लेटलेट चढवाव्या लागतील का, हे डॉक्टरांना ठरवू द्या. मग लहान मुलांच्या कर्करोगाचा स्वतंत्र विभाग असलेलं ठिकाण गाठा. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल, त्यांचंच खारघरचं केंद्र आणि परळचं वाडिया ही त्यांपैकी काही. तुम्हाला पुणे जवळ पडतं. अशी सोय तिथेही आहे, बालरोगतज्ज्ञांकडून चिठ्ठी घ्या आणि निघण्याआधी त्यांनाच फोन करायला सांगा. निदान पक्कं होतं ते कमरेच्या मागच्या हाडातून मज्जा काढून, तिच्यावरच्या फ्लो सायटोमेट्री (पेशींचा प्रकार ओळखणारी तपासणी) आणि जनुकीय तपासण्यांनी. खर्चाची धास्ती घेऊन घरी बसू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात शिरल्यावर पहिल्यांदा आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाचा, कक्ष विचारा, रेशनकार्ड आणि मुलीचा जन्मदाखला बरोबर ठेवा. मुंबईत उपचार ठरले आणि राहायची सोय नसेल, तर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात सेंट ज्यूड इंडियाच्या विनामूल्य निवासाबद्दल विचारा.

ल्युकेमिया निघाला, तर मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा प्रकार लिम्फोब्लास्टिक असतो आणि तो दोन ते पाच वर्षांच्या वयात जास्त दिसतो. पूर्ण उपचार मिळाले तर बहुतांश मुलं बरी होतात. श्रीमंत देशांत दहापैकी नऊ. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तुमच्या खाण्यापिण्याने, गरोदरपणातल्या कशाने, कुणाच्या नजरेने झालेला नाही. उपचार दोन ते अडीच वर्षं चालतात. पहिल्या महिन्याअखेर ब्लास्ट बहुधा दिसेनासे होतात, डोळे स्वच्छ होतात, मूल पूर्ववत वाटतं, आणि नेमकं तेव्हाच काही घरांत औषध थांबवलं जातं. तसं केलं तर आजार उलटतो, आणि उलटलेला आवरायला फार जड जातो.

इतर पालकांनीही काही खुणा माहीत करून घ्याव्यात. एक डोळा पुढे आल्यासारखा दिसणं: मायलॉइड प्रकारच्या ल्युकेमियात डोळ्याच्या खोबणीत पेशींची गाठ होते, कधी रक्तात काही दिसण्याच्या आधीच. बुबुळाच्या समोर खालच्या बाजूला पांढरट थर साचणं; तो जंतुसंसर्ग किंवा सूज समजून आठवडेच्या आठवडे थेंब चालतात. नव्याने आलेला तिरळेपणा, पडलेली पापणी, दोन-दोन दिसणं. मार न लागता दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं होणं; हे न्यूरोब्लास्टोमा या वेगळ्या कर्करोगातही दिसतं. आणि फ्लॅशच्या फोटोत बाहुली पांढरी चमकणं: ती खूण ल्युकेमियाची नव्हे, रेटिनोब्लास्टोमा या डोळ्याच्या कर्करोगाची असू शकते, तिथेही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जायचं.

पडद्यावरच्या रक्तासाठी बहुधा वेगळा उपचार लागत नाही. रक्ताचे आकडे सुधारले की ते काही आठवडे ते महिन्यांत जिरतं आणि नजर परत येते. पण साडेचार वर्षांच्या वयात एका डोळ्याची मध्यावरची नजर बराच काळ झाकली गेली, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो आणि रक्त जिरल्यावरही तो डोळा आळशी राहतो. म्हणून कालच्याच डॉक्टरांकडून पडद्याच्या स्थितीची चिठ्ठी, जमल्यास पडद्याचा फोटो घ्या आणि पुढच्या हॉस्पिटलात दाखवा. महिन्याभराने पुन्हा पडदा तपासायला सांगा, प्रत्येक डोळ्याची नजर वेगळी मोजायला सांगा. आळशी डोळ्यासाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी लावावी लागली तर ती लवकर लागलेली बरी. उपचारांत स्टेरॉइड असतं, त्याने मोतीबिंदू किंवा डोळ्याचा दाब वाढू शकतो, तेव्हा डोळ्यांची तपासणी मध्येच सोडू नका. उपचार संपल्यानंतरही डोळा लाल होणं, धूसर दिसणं किंवा तिरळेपणा आला, तर चष्म्याच्या दुकानात न जाता आधी कर्करोग विभागात कळवा, कारण आजार काही वेळा डोळ्यातून परत डोकं वर काढतो.